राजा परांजपे आणि आमचे द्विवचन

संस्कृत नाटकात नांदी संपताच सूत्रधार रंगभूमीवर येतो, नटीस पाचारण करतो, आज कोणत्या कवीचे कोणते नाटक व्हावयाचे आहे ते रसिकांस निवेदन करतो आणि पुढील पात्रास वाट करून देऊन निघून जातो. शाकुंतल उघडून पाहिले तरी हाच क्रम दिसेल. ज्याच्या हाती नाटकाची सारी सूत्रे, तोच तोंडास रंग लावून लोकांपुढे उभाही राहतो, यात आमच्या पूर्वजांस काहीच वावगे वाटत नव्हते. चित्रपटाच्या कलेत मात्र ही दोन कामे एकाच माणसाने पार पाडणे महाकठीण असते, आणि ती दोन्ही यशस्वी रीतीने करणारे पुरुष सर्व जगात थोडेच झाले. पाश्चात्यांत चार्ली चॅप्लिनचे नाव सर्वतोमुखी आहे. आपल्याकडे मास्टर विनायकांनी १९३८ साली ‘ब्रह्मचारी’ दिग्दर्शित केला व त्यात नायकाची भूमिकाही स्वतःच केली. शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ मध्ये तेच केले. ह्याच पंक्तीत कै. राजा परांजपे यांचे पान मांडले पाहिजे. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात फार दिवस होते; परंतु गेल्या दिवाळीस आमच्या स्वतःच्या घरी जो प्रसंग उपस्थित झाला, तो झाला नसता तर हा लेख मनातच राहिला असता. तो प्रसंग पुढे यथाक्रम येईलच.

राजाभाऊंचा जन्म २४ एप्रिल १९१० रोजी मिरजेस झाला. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचे गाव. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे तेथे वास्तव्य होते, आणि गाण्याचे व नाटकाचे वेड तेथील हवेतच होते म्हणा ना! अशा गावात वाढलेला मुलगा रंगभूमीकडे ओढला गेला व बोलपटांचा काळ सुरू होताच नट म्हणून चित्रपटांत शिरला, यात नवल नाही. नवल आहे ते पुढेच. पुष्कळ वर्षे इतरांच्या हाताखाली काम केल्यावर १९४८ च्या सुमारास, म्हणजे वयाची अडतीस वर्षे झाल्यावर, त्यांनी दिग्दर्शनाची सूत्रे हाती घेतली. त्या साली त्यांचा ‘जिवाचा सखा’ निघाला, आणि १९५० साली ‘पुढचं पाऊल’. ह्या दुसऱ्या चित्रपटात नायकाचे काम पु. ल. देशपांडे यांनी केले होते, हे आजच्या तरुण वाचकांस सांगितले तर त्यांस मौज वाटेल.

परंतु राजाभाऊंचे नाव घेताच वडील माणसांस जी आठवण होते ती एकट्याची नव्हे, तिघांची. कथा व गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडक्यांचे आणि दिग्दर्शन राजा परांजपे यांचे. १९५५ सालच्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवरून जे गीतरामायण सुरू झाले व ज्याने घराघरांत रामकथा पुन्हा नेली, त्याचे कवी व संगीतकार हेच दोघे. अशा माणसांची संगत लाभली की चित्रपटास केवळ करमणुकीचे स्वरूप राहत नाही. १९५२ साली ‘लाखाची गोष्ट’ आला. एका महिन्यात एक लाख रुपये खर्च करून दाखवावेत, अशी पैज दोन निर्धन तरुणांपुढे आली तर काय होईल, ह्या कल्पनेवर तो उभारलेला आहे. त्याच साली आलेल्या ‘पेडगावचे शहाणे’ मध्ये शहाणा कोण आणि वेडा कोण, असा प्रश्न हसत हसत विचारला होता, आणि त्यातील मुख्य भूमिका खुद्द राजाभाऊंची होती. पुढे ‘गंगेत घोडं न्हालं’, ‘आंधळा मागतो एक डोळा’, ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०), ‘सुवासिनी’ (१९६१), ‘हा माझा मार्ग एकला’ (१९६३), ‘पाठलाग’ (१९६४) अशी मालिकाच लागली. ‘हा माझा मार्ग एकला’ मधून सचिन हा बालनट प्रथम पडद्यावर आला. ‘पाठलाग’ची कथा इतकी चटकदार ठरली की १९६६ साली तिचाच ‘मेरा साया’ हा हिंदी अवतार निघाला. ‘जगाच्या पाठीवर’ मध्ये ते फिरस्त्या नायकाच्या व सीमाबाई अंध मुलीच्या भूमिकेत आहेत. तो पाहताना चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’ (१९३१) ची आठवण झाल्यावाचून राहत नाही, आणि तरीही त्यातील माणसे मराठीच राहतात. बिमल रॉय यांच्या ‘बंदिनी’ त (१९६३) नूतनच्या वृद्ध पित्याची भूमिकाही राजाभाऊंचीच होती. १९७९ साली ते निवर्तले.

आता नट आणि दिग्दर्शक ही दोन कामे एकत्र करण्यात अडचण कोणती, ते सांगतो. कारण घरबसल्या चित्रपट पाहणाऱ्यांस तिची कल्पना नसते. दिग्दर्शकाची जागा कॅमेऱ्याच्या मागे. दिवा कोठून पडला, नटाने मान किती वळविली, डोळ्यांत पाणी खरोखर आले की नुसताच चेहरा वाकडा झाला, हे त्याने पाहावयाचे. तोच जर कॅमेऱ्याच्या पुढे उभा राहिला तर पाहणार कोण? आजकाल चित्रण चालू असताना ते लहानशा पडद्यावर तत्काळ दिसते. राजाभाऊंच्या काळी ती सोय नव्हती. फिल्म प्रयोगशाळेत जावयाची, धुऊन व छापून यावयाची, आणि मग केलेले काम बरे की वाईट ते कळावयाचे. तोपर्यंत कच्ची फिल्म खर्ची पडलेली, आणि मराठी निर्मात्याची थैली ती केवढी! म्हणजे स्वतःचे काम स्वतःस न पाहता, केवळ छायालेखकाच्या व सहकारी नटांच्या भरवशावर, अंतःकरणाच्या डोळ्याने तोलावयाचे. ज्यास स्वतःच्या अभिनयाचा मोह आहे त्याच्या हातून हे व्हावयाचे नाही. आपल्या चेहऱ्यास बाजूस सारून गोष्टीस पुढे करण्याची सवय ज्यास आहे, त्याच्याच हातून ते होते.

ह्या निकषावर आम्हांस राजाभाऊंचा सर्वांत मोठा चित्रपट वाटतो तो १९५४ चा ‘ऊनपाऊस’. गोष्ट एका सालस शाळामास्तराची आहे. त्याचा संसार, त्याची मुले, मुलांची शिक्षणे, आणि आयुष्याच्या उतरणीवर त्या म्हाताऱ्या नवराबायकोची झालेली ताटातूट. मुले मोठी झाली, आपापल्या ठिकाणी लागली. आणि आईबापांस सांभाळण्याचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी त्या दोघांना निरनिराळे केले. मास्तरांची भूमिका राजाभाऊंनी केली व त्यांच्या पत्नीची सुमतीबाई गुप्ते यांनी. चित्रपट निघाला त्या वर्षी राजाभाऊ अवघे चव्वेचाळीस वर्षांचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या भूमिकेचे मोल कळते.

ही गोष्ट केवळ महाराष्ट्राची नाही. १९३७ साली अमेरिकेत लिओ मॅक्केरी ह्या दिग्दर्शकाने ‘मेक वे फॉर टुमॉरो’ नावाचा चित्रपट काढला होता. त्यातही घर गमावलेल्या वृद्ध दांपत्यास मुले वाटून घेतात, बाप एकीकडे व आई दुसरीकडे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका विनोदी चित्रपटाबद्दल मॅक्केरीस ऑस्कर मिळाले, तेव्हा तुम्ही मला भलत्याच चित्रपटाबद्दल बक्षीस दिलेत, असे तो म्हणाल्याचे प्रसिद्ध आहे. १९५३ साली जपानात यासुजिरो ओझू याने ‘टोकियो स्टोरी’ काढला. त्यात मुलांच्या घरी पाहुणे म्हणून गेलेल्या आईबापांस आपण अडचण झालो आहोत हे हळूहळू उमगते. १९५८ साली कानडीत बी. आर. पंतुलू यांनी ‘स्कूल मास्टर’ काढला, आणि गंमत अशी की तेथेही दिग्दर्शकानेच मास्तराचे काम केले. २००३ सालचा हिंदी ‘बागबान’ तर आजच्या पिढीने पाहिलेलाच असेल. अमेरिका, जपान, कर्नाटक, महाराष्ट्र. भाषा निराळ्या, जेवणाची ताटे निराळी, पण म्हाताऱ्यांची वाटणी मात्र सर्वत्र एकच!

आम्ही ‘ऊनपाऊस’ प्रथम पाहिला तो बारा-तेरा वर्षांचे असताना, मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत. मार्कंडा हे चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी आहे. आता ते गडचिरोली जिल्ह्यात मोडते. पण तो जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी निराळा झाला, तेव्हा आमच्या बालपणी सारे चंद्रपूरच. यात्रेत फिरता सिनेमा आला होता. कापडी तंबू, बाहेर धडधडणारे जनित्र, आत पुरुष एका बाजूस व बायका दुसऱ्या बाजूस, खाली नदीची गार वाळू. यंत्र एकच असल्याने एक रीळ संपले की दुसरे चढेपर्यंत अंधारात बसावयाचे. ह्या अशा एका अंधारात आमचे वडील उपरण्याने डोळे टिपीत असल्याचे आम्हांस कळले. वडील म्हणजे कर्मठ भिक्षुक. सिनेमा त्यांनी जन्मात दोन किंवा तीनच पाहिले असतील. ते का रडतात हे आम्हांस त्या वेळी कळले नाही. पुष्कळ वर्षांनी कळले. आमच्या आजीचे दिवस त्या काळी तीन भावांत वाटलेले होते, प्रत्येकाकडे चार महिने. आमचे एकत्र कुटुंब मोठे नावाजलेले होते. पण भात मोजावा तशी आजी मोजली जात होती, आणि मोजणाऱ्यांत आमचे वडीलही होते. एकत्र कुटुंबाच्या थोरवीवर लेख लिहिणाऱ्यांनी, व आम्हीही असे लेख लिहिले आहेत, ही बाजू झाकू नये.

त्या चित्रपटातील दृश्ये आम्हांस फारशी आठवत नव्हती. आठवत होते ते एवढेच, की ते दोघे एका घरात नव्हते.

वडिलांपाशी आम्ही अमरकोश, रूपावली व रघुवंश शिकलो. आमच्या मराठीत वचने दोनच, एकवचन व अनेकवचन. संस्कृतात द्विवचन निराळे आहे, आणि ते शिकताना सर्वच विद्यार्थी कंटाळतात. दोन डोळे, दोन हात, अश्विनीकुमार, एवढ्यासाठी एवढी रूपे कशास पाठ करावीत, असे आम्हीही वडिलांस विचारले होते. ते म्हणाले की जे जोडीनेच असते त्यासाठी भाषेने स्वतंत्र जागा राखून ठेवली आहे. ‘दम्पती’ हा शब्द पाहा. तो नित्य द्विवचनीच चालतो. एकट्या माणसाला तो लावताच येत नाही. आई आणि बाप यांचा एकदम उल्लेख करावयाचा झाला तर पाणिनीने ‘पितरौ’ हे एकच पद पुरेसे ठरविले आहे. त्यात पिता दिसतो, पण माता त्याच पदाच्या पोटात असते. रघुवंशाच्या पहिल्याच श्लोकात कालिदासाने पार्वती-परमेश्वरांस हाच शब्द योजला आहे. ‘पत्नी’ हा शब्दच मुळी यज्ञातील सहभागावरून सिद्ध होतो असे व्याकरण सांगते. आणि म्हणूनच सीता वनात असता यज्ञाच्या वेळी रामचंद्रास तिची सुवर्णप्रतिमा शेजारी ठेवावी लागली. हे सारे आम्ही तीन तपे मुलांस शिकविले. परीक्षेत गुण पाडण्यापलीकडे त्याचा काही उपयोग असेल असे मात्र आमच्या मनात आले नाही.

मॅट्रिक झाल्यावर शाळामास्तराची नोकरी लागली व चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील अनेक गावी बदल्या झाल्या. ह्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात, आणि येथील रंगभूमी ही एक स्वतंत्रच सृष्टी आहे. धान घरात आले, दिवाळी झाली, की मंडई व शंकरपट यांच्या निमित्ताने गावोगाव नाटके सुरू होतात. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटे कोंबडा आरवल्यावर पडतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही ह्या नाटकमंडळ्यांची पेठ. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी ह्या रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोग केले, आणि २०२३ साली त्यांस पद्मश्री मिळाली, तेव्हा कोठे पुण्या-मुंबईच्या लोकांस आमच्या झाडीची ओळख पटली. येथील नाटकांचे विषय म्हणजे व्यसन, हुंडा, भाऊबंदकी, आणि सर्वांत अधिक गर्दी खेचणारा विषय म्हणजे म्हातारपणी आईबापांस विचारीनासे झालेले लेक. शेतमजुराची बायको व पाटलाची सून शेजारी शेजारी बसून एकाच प्रवेशाला रडताना आम्ही शेकडो वेळा पाहिल्या.

मास्तर म्हटला की गावच्या नाटकात त्याची मानगूट धरलेलीच. एका मुक्कामी आम्ही हौशी मंडळींचे असेच एक नाटक बसविले आणि म्हाताऱ्या बापाचे काम करणारा गडी ऐन वेळी तापाने पडल्यामुळे ते कामही आमच्याच गळ्यात आले. वय तिशीच्या आतबाहेर. दाढीला जस्ताची पांढरी भुकटी लावली, पाठीत वाकलो, आवाज कापरा केला. इतरांच्या चुका दिसत होत्या. स्वतः कसे दिसतो याचा काही पत्ता नव्हता. पहाटे घरी येऊन मोठ्या आशेने सौभाग्यवतीस विचारले. त्या चूल पेटवीत होत्या. म्हणाल्या, “अहो, म्हातारा कसला! हजेरी घेणारा मास्तरच दिसत होता. तुम्ही त्या म्हातारीकडे एकदासुद्धा पाहिलं नाहीत. सगळा वेळ लोकांकडेच पाहत होता.” राजाभाऊंच्या श्रेष्ठत्वाचा बोध आम्हांस त्या दिवशी झाला. पुढे दूरदर्शनवर ‘ऊनपाऊस’ लागला तेव्हा आम्ही मुद्दाम तेवढेच पाहिले, की हा नट कोणाकडे पाहतो. तो बायकोकडे पाहतो. दिग्दर्शकास लोकांकडे पाहण्याचा मोह पडला असता. नटास आपल्याकडे पाहवून घेण्याचा पडला असता. ह्या माणसास दोन्ही मोह पडले नाहीत, म्हणून तेथे एक म्हातारा दिसत नाही, म्हातारा-म्हातारी दिसतात. पडद्यावर द्विवचन दिसते ते असे.

आता दिवाळीचा प्रसंग. सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयता ब्रह्मपुरीस राहतो. थोरले चिरंजीव नागपुरास, धाकटे पुण्यास. दोघेही सुशील आहेत, दोन्ही सुना शिकलेल्या व नोकरी करणाऱ्या, आणि सणाला सारी मंडळी न चुकता येतात. पाडव्याच्या रात्री जेवणे झाल्यावर मुलांनी विषय काढला. धाकट्याकडे सहा महिन्यांचे मूल. सूनबाईंची रजा संपत आलेली. पाळणाघराचा भरवसा नाही. तेव्हा आईने पुण्यास यावे. आमच्या डोळ्यांस मोतीबिंदू व गुडघ्यांस व्याधी. नागपुरात वैद्यकीय सोय चांगली. तेव्हा आम्ही थोरल्याकडे राहावे. दोघांकडेही दोन-दोन खोल्यांची घरे, तेव्हा दोघांस एके ठिकाणी ठेवणे अडचणीचे. “बाबा, रोज रात्री व्हिडिओवर बोलता येईल,” असे धाकट्याने समजावले. त्यात दुष्टपणा यत्किंचितही नव्हता. किंबहुना कागदावर मांडून पाहिले तर हिशेब चोख होता. आणि आम्ही, ज्यांनी आयुष्यभर इतरांस द्विवचन शिकविले, मान डोलावून “ठीक आहे” असे म्हणून बसलो!

ते का म्हणालो याचा विचार आम्ही पुढे केला. भिडेने म्हणालो. मुलांस जड होऊ नये असे वाटले. शिवाय मनाच्या तळाशी एक अहंकारही होता, की आम्ही काही चित्रपटातील रडके म्हातारे नव्हेत. मार्कंड्याच्या वाळूत वडिलांचे उपरणे ओले झालेले पाहूनही आम्ही हे केले. ‘ऊनपाऊस’ पाहून मुलांवर रागावणे सोपे असते. आईबापही ह्या वाटणीस मुकाट्याने संमती देतात, हे स्वतःवर वेळ येईपर्यंत आम्हांस दिसले नव्हते.

सौभाग्यवती तोवर बाळाचे लंगोट घडी घालीत होत्या. त्यांनी घडी पुरी केली व धाकट्यास म्हणाल्या, “मी येते ना. नातवासाठी नाही यायचं तर कोणासाठी? पण तिकिटं दोन काढ.”

कोणी काही बोलले नाही. मग थोरली सून हळूच म्हणाली की पुण्याचे सहा महिने झाल्यावर नागपूरची तिकिटेही दोनच काढावीत.

असो. तेव्हापासून आम्ही उभयता पुण्यास आहोत. ह्यात सारे गोडच आहे असे लिहिले तर ती लबाडी होईल. बैठकीच्या खोलीत रात्री आमच्या गाद्या पडतात व सकाळी लवकर उचलाव्या लागतात. सूनबाईंस घरात मोकळेपणाने वावरता येत नाही हे आम्हांस दिसते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया येथेच करावी लागली व तिचा खर्च दोघा भावांनी वाटून घेतला. वाटणी करावयाची तर ती खर्चाची करावी, ती शोभते. आम्हीही एक गोष्ट शिकलो. द्विवचन हवे तर कामही दोघांनी केले पाहिजे. सदुसष्टाव्या वर्षी आम्ही दूध कोमट करण्यास, लंगोट बदलण्यास व पाळणा हलविण्यास शिकलो आहोत. आईस बोलावून बापास अडगळ समजण्याची वृत्ती घरोघर दिसते, तीत बापांचाही दोष थोडा नाही. आयुष्यभर त्यांनी घरात पेल्यातले पाणी स्वतः घेतलेले नसते.

कायद्याविषयी एक शब्द. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा आपल्या देशात २००७ साली झाला. मुले पोसत नसतील तर वृद्धांस न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो, आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देववण्याची तरतूद त्यात केलेली आहे. वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. कायदा चांगला आहे व ज्यांस गरज आहे त्यांनी त्याचा आश्रय जरूर घ्यावा. परंतु दोघांची दोन ठिकाणी उत्तम बडदास्त ठेवणाऱ्या मुलांस कोणत्याही कलमाखाली दोषी धरता येत नाही. आमची मुले अशीच निर्दोष ठरली असती. जेथे कायद्याची हद्द संपते तेथून राजाभाऊंचा चित्रपट सुरू होतो.

तेव्हा, वाचकहो, आपल्या घरी जेव्हा केव्हा असा विषय निघेल, आणि तो बहुतेक घरी निघतोच, तेव्हा खोल्या, रजा, औषधे यांचा हिशेब जरूर मांडावा. पण मांडताना आईवडिलांस एक आकडा धरावा, दोन नव्हे. आणि वडील माणसांनी भिडेस बळी न पडता आपले म्हणणे पहिल्याच रात्री, शांतपणे, सांगून टाकावे. आमच्या घरी ते काम ज्यांस व्याकरणाचा गंधही नाही त्यांनी केले, एवढे कबूल करून टाकतो.

गेल्या आठवड्यात दुपारी बाळ निजल्यावर आम्ही दोघांनी मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर ‘ऊनपाऊस’ पुन्हा पाहिला. आवाज अगदी बारीक ठेवावा लागला, म्हणून दोघांनी डोकी जवळ आणून पाहिला. द्विवचनाचे एकवचन कधीतरी व्हावयाचेच आहे. ते ईश्वर आपल्या वेळेस करतो, व त्यास कोणाचा इलाज नाही. ते तोवर माणसांनी आपल्या हाताने करू नये. अर्ध्यावर बाळ उठले. सौभाग्यवती उठू लागल्या, तेव्हा आम्ही म्हटले, “तुम्ही बसा. दूध आम्ही आणतो.”